बुडाला भोक नाही

टेरॅरियम शिकायला कुणी आलं की मी रोपं लगेच बाहेर काढतच नाही. रुंद तोंडाची काचेची बरणी, धुतलेली खडी आणि तांब्याभर पाणी, एवढंच समोर ठेवते. बरणीला बुडाशी भोक नाही, हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम झालं. कुंडीतलं जास्तीचं पाणी खालून निघून जातं. इथे घातलेला थेंब न थेंब आतच राहणार. खडीच्या थराने निचरा होतो म्हणतात, पण पाणी जाणार कुठे? खडीतच साठणार. त्या थराचा खरा उपयोग बघण्यापुरता. बरणी जरा कलती केली की खड्यांमधून पाण्याची रेघ सरकताना दिसते. ती दिसली की पुढचे कित्येक दिवस पाण्याला हात लावायचा नाही. कोळशाचे तुकडे मीही घालते, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवत नाही.

हा सगळा प्रकार लंडनच्या धुरातून जन्मला. १८२९च्या सुमारास डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोष ओलसर मातीत ठेवून बाटली बंद केली, तर त्या मातीतून नेचा आणि गवत उगवलं. काजळीमुळे त्यांच्या बागेत नेचे तगत नव्हते. काचेआड ते तगले. पुढे अशाच बंद काचेच्या पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आणली.

आपल्याकडे मात्र वैरी धूर नाही, ऊन. एप्रिल-मेमध्ये बंद बरणीवर थेट ऊन पडलं की आतली रोपं अक्षरशः उकडून निघतात. खिडकीपासून हातभर आत, जिथे दिवसा दिवा न लावता पेपर वाचता येतो, ती जागा बरी.

पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवरचं मखमली शेवाळ बरेच जण हौसेने खरवडून आणतात. मला ते पटत नाही. त्या शेवाळाला उन्हाळाभर सुकून पडायची आणि मृगात पुन्हा हिरवं व्हायची सवय. बरणीत त्याला कोरडी सुट्टी मिळतच नाही; उजेड कमी पडला की ते फिकट, लांबुडकं होतं. त्यापेक्षा फिटोनिया, लहान नेचे, सेलॅजिनेला घ्यावेत. कॅक्टस बंद बरणीत घालणाऱ्याला मी काही सांगायला जात नाही. कॅक्टसच महिनाभरात सडून सांगतो.

रोज बघायची ती काच. सकाळी एका बाजूला वाफ धरली आणि दुपारपर्यंत उतरली, तर पाणी बेताचं आहे. दिवसभर काच धूसर राहिली तर झाकण काढून ठेवायचं. वाफ धरेनाशीच झाली आणि फिटोनियाने माना टाकल्या, तर इंजेक्शनच्या सिरिंजने कडेकडेने चमचाभर पाणी. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा ताठ. बोअरचं पाणी नको, काचेवर पांढरे डाग धरतात. गळलेलं पान लांब चिमट्याने त्याच दिवशी उचलायचं, नाहीतर त्यावर बुरशी येते. आणि फिटोनिया झाकणाला टेकली की शेंडे खुडायचे. ते पाण्यात ठेवले तर मुळं धरतात. शेजारणीच्या बरणीची सोय होते.