उटी

आमच्या गाडीच्या डिकीत स्टेपनीशेजारी एक लाकडी उटी असायची. चढावर थांबलेली गाडी मागं येऊ नये म्हणून चाकाखाली सारतात ती उटी. बहुतेक जण त्यासाठी रस्त्याकडेचा दगड उचलतात. बाबांनी मात्र ती कराडात बैलगाड्या बांधणाऱ्या एका सुताराकडून मुद्दाम करून घेतली होती. बाभळीची, वीतभर उंचीची. चाकाला टेकणारी बाजू किंचित खोलगट तासलेली, मागच्या अंगाला भोक आणि त्यात ओवलेली लांब काथ्याची दोरी. दोरी आईच्या माहेरची, गुहागरकडची.

त्या उटीमागं एक अपघात आहे. १९८७ च्या मे महिन्यात माझा मामा स्कूटरवरून कुंभार्ली घाट उतरत होता. संध्याकाळची वेळ. एका वळणाच्या पुढं रस्त्याच्या मधोमध दगड पडलेला. दरडीतून आलेला नव्हे, कुणा गाडीवाल्यानं चाकाखाली लावलेला. गाडी निघून गेली, दगड तिथंच राहिला. मामाच्या गळपट्टीचं हाड मोडलं आणि उजवा खांदा कायमचा थोडा खाली आला. त्याला भेटून परत येताना बाबा घाटात कितीदा थांबले कोण जाणे. प्रत्येक वेळी उतरायचे, रस्त्यातला दगड उचलायचे आणि डोंगराच्या कडेला गटारात टाकायचे. त्यानंतर पंधरा दिवसांत उटी तयार झाली.

कराडहून पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग घाट. घाटाखाली पोफळी, शिरगाव, चिपळूण. दर मे महिन्यात आमची जुनी गाडी हा रस्ता उतरायची आणि आठवड्यानं चढायची. जाताना मागच्या सीटखाली गुळाची ढेप आणि जोंधळ्याचं पीठ. येताना आंब्याच्या पेट्या, आमसुलं, फणसपोळी आणि त्यावर आम्ही दोघं भावंडं. उतरताना कानाला दडे बसायचे आणि हवा बघता बघता दमट व्हायची. कुठल्याशा वळणावर झाडी बाजूला सरायची आणि खाली कोकण दिसायचं, निळसर, वाफेत बुडालेलं. आई तेवढ्या वेळापुरतं बोलणं थांबवायची. आम्हाला वाटायचं तिला गाडी लागते. ती माहेर बघत असायची, हे मला फार उशिरा, मी स्वतः सासरहून कराडला येऊ लागले तेव्हा कळलं.

खरी परीक्षा परतीच्या चढाला. भरलेली गाडी, दुपारचं ऊन आणि पुढं पहिल्या गिअरवर कण्हत चाललेला उसाच्या मशिनरीचा नाहीतर चिऱ्याचा ट्रक. गाडी पाणी उकळायची. बाबा जागा बघून कडेला घ्यायचे, पाय ब्रेकवर दाबून धरायचे आणि म्हणायचे, “उतर.” दहाव्या वर्षापासून ते काम माझं होतं. गाडीच्या मागं उभं राहायचं नाही, डोंगराच्या बाजूनं जायचं, मागच्या चाकाखाली उटी बाजूनंच सारायची आणि पायानं ठोकून “लागली” असं ओरडायचं. मग बाबा ब्रेकवरचा पाय हळूहळू काढायचे. गाडी बोटभर मागं यायची आणि उटीवर टेकायची. टेकताना बाभळीतून एक बारीक करकर यायची. ती करकर ऐकली की माझा जीव भांड्यात पडायचा. एवढी मोठी गाडी, तिच्यात आई आणि धाकटा भाऊ, आणि सगळं मी सारलेल्या त्या तुकड्यावर.

अर्ध्या तासानं ओलं फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडायचं, पाणी ओतायचं. गाडी पुढं सरकली की मी बाजूनं दोरी ओढून उटी काढून घ्यायची आणि पुढच्या रुंद जागेपर्यंत ती छातीशी धरून पळत जायचं. वेळ पडली तर बाबा खोळंबून राहायचे, पण चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायचे आणि चढाला जो गिअर तोच उताराला ठेवायचे. हे नियम त्यांना शिकवावे लागले नाहीत. हँडब्रेकवर मात्र त्यांचा विश्वास कधीच बसला नाही. मला वाटतं, त्याचं कारण गाडीत नव्हतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते पाटणजवळच्या गावात बारा वर्षांचे होते. घराची मागची भिंत अंगणात पडलेली त्यांनी पाहिली. ज्याच्या पायाखालची जमीन एकदा सरकली आहे, तो माणूस कुठंही नुसता थांबत नाही. काहीतरी टेकू लावून थांबतो.

गाडी निवण्याची वाट बघत कठड्यावर बसलं की बाबा कोयनेचं पाणी समजावून सांगायचे. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, कराडला प्रीतिसंगमात कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. पण धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून उलट पश्चिमेला, सह्याद्रीच्या पोटातून खाली येतं, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात चाकं फिरवतं आणि पुढं वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. “तुझ्या आईच्या उलट,” ते म्हणायचे. “ती खालून वर आली.” आई काही बोलायची नाही, करवंदाचा द्रोण पुढं करायची.

पुढं गाड्या बदलल्या. माझ्या आताच्या गाडीत चढावर ब्रेक सोडला तरी ती आपली आपण क्षणभर धरून राहते. उटी तरीही डिकीत होती. बाबांनीच आणून ठेवली होती, आणि काढायला मला धीर झाला नाही.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पुरात बुडालं. मामाच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. रस्ता मोकळा झाल्यावर चटया, पीठ, मेणबत्त्या आणि फिनेल भरून आम्ही निघालो. मी, माझी मुलगी आणि सहासष्ट वर्षांचे बाबा. परतताना घाटात चिखल पसरलेल्या एका चढावर मदतीचं सामान पोचवून परतणारा टेम्पो अडकला होता. क्लीनर मुलगा जेमतेम अठराचा, चाकाखाली दगड सारत होता आणि ओल्या डांबरावरून दगड घसरत होता. बाबा छत्री न घेताच उतरले. डिकी उघडली. पोराला बाजूला केलं आणि डोंगराच्या अंगानं जाऊन, गुडघा धरत वाकून उटी सारली. “लागली,” ते ओरडले. टेम्पो मागं आला, टेकला, थांबला. काच बंद असूनही ती करकर मला ऐकू आल्यासारखी वाटली.

टेम्पो वर निघाला तेव्हा पोरानं दोरी ओढली आणि उटी पुसून बाबांच्या हातात द्यायला आणली. बाबांनी ती घेतली नाही. आधी लावलेले ते दगड त्याच्याकडून गटारात टाकून घेतले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “असू दे तुझ्याकडं. दोरी तेवढी दर पावसाळ्यानंतर बदलत जा. नायलॉनची नको, ओल्या हातातून सटकते. काथ्याचीच घे.”