आबांची वही, अक्काची बोरमाळ

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाने एखाद्या चळवळीवर लिहावे, अशीच अपेक्षा असणार. परंतु माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पालक आम्हांला चळवळीविषयी क्वचित विचारतात. ते विचारतात, "सर, दोन मुलं एकदम कॉलेजला आली. कसं भागवायचं?" म्हणून या लेखात आम्ही खर्चाविषयीच लिहीत आहोत. त्यासाठी घरची वही उघडावी लागेल आणि त्या वहीत न लिहिलेलेही सांगावे लागेल.

आम्ही सहा भावंडे. सर्वांत थोरली अक्का, तिच्यानंतर थोरले बंधू, तिसऱ्या क्रमांकावर प्रस्तुत लेखक आणि पाठीमागे दोन भाऊ व एक बहीण. वडील, म्हणजे आमचे आबा, पुणे-मिरज लोहमार्गावर गँगमन होते. आई हंगामाप्रमाणे हळद काढायला, ऊस तोडायला जाई. आबांच्या बदल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या लहान लहान स्थानकांवर होत. कधी रहिमतपूर, कधी मसूर, कधी भिलवडी. शाळा बदलत, वर्ग बदलत, एखाद्या वेळी पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की आठवडाभर शाळाच होत नसे. त्यामुळे शाळेच्या पटावर आमची नावे असली, तरी आमची खरी शाळा घरीच भरे. रेल्वेच्या चाळीतील एका खोलीत, कंदिलाभोवती, रोज संध्याकाळी सात वाजता.

या शाळेचे मुख्याध्यापक आबा. त्यांचे स्वतःचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पाढे आणि शुद्धलेखन ते घेत. पण पावसाळ्यात त्यांना रात्री रुळांवर गस्तीला जावे लागे, आणि मग शाळा अक्का चालवी. ती एकीकडे भाकरी थापी आणि दुसरीकडे आमच्याकडून इंग्रजी शब्दांची स्पेलिंगे म्हणवून घेई. अपूर्णांक आम्हांला अक्काने शिकवले, तेही भाकरीचे तुकडे करून. पुढे अध्यापनाच्या बावीस-तेवीस वर्षांत आम्हांला अपूर्णांक शिकवण्याची त्याहून चांगली रीत सापडली नाही.

मसूर स्थानकाला आमच्या घरात वेगळेच महत्त्व होते. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला बालक भीमराव आपल्या भावासह आणि भाच्यांसह याच स्थानकावर उतरला होता. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा सूर पालटला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली. आबा हे सांगताना फलाटाकडे बोट दाखवत आणि लगेच म्हणत, "आता पुस्तक उघडा." त्यांच्या लेखी त्या प्रसंगाचा एवढाच अर्थ होता.

सुभेदार रामजी सकपाळ हे आबांचे आदर्श. तेही मोठ्या कुटुंबाचे कर्ते. बाबासाहेब त्यांचे चौदावे अपत्य. मुलगे बळीराम, आनंदराव, भीमराव आणि मुली मंजुळा व तुळसा एवढीच मुले जगली. लष्करी शाळेत शिकवलेला हा पिता मुलांचा अभ्यास घरीही घेई. पुढे मुंबईत परळच्या एका खोलीत राहताना ते भीमरावांना लवकर झोपवत आणि पहाटे दोनला उठवत. दोन मुलगे एकाच वेळी शिकवणे परवडेना, तेव्हा आनंदरावांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली. भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून १९१२ मध्ये बी.ए. पूर्ण झाले. पण शिष्यवृत्ती येण्याआधीची जी वर्षे होती, त्या वर्षांत पुस्तकांचा पैसा कोठून आला? रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणत, तो सावकाराकडे गहाण टाकून भीमरावांना पुस्तके घेऊन देत. पेन्शन हाती आली की दागिना सोडवून मुलीला परत करत.

हा प्रसंग आम्ही दर १४ एप्रिलला सांगत आलो. एका पित्याचा त्याग म्हणून.

आता आबांच्या वहीकडे वळतो. लाल कापडी बांधणीच्या त्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावाचे एक पान होते. पानावर इयत्ता, वर्ष, अपेक्षित खर्च, आणि तो कोठून उभा राहील याची नोंद. पगार, आईची मजुरी, शेळी, सोसायटीचे कर्ज. आजच्या भाषेत त्याला आर्थिक नियोजन म्हणता येईल. आबांचा नियम साधा होता. एका वेळी एकच मूल घराबाहेर ठेवायचे. त्याला नोकरी लागली की त्याने पुढच्याचा भार उचलायचा.

अक्का १९७९ मध्ये दहावी झाली. तिला डी.एड. करायचे होते. गुण पुरेसे होते. आबांनी दोन रात्री वही मांडली. तिला वसतिगृहात ठेवले तर दोन वर्षांनी थोरल्या बंधूंची पाळी येईल तेव्हा हात रिकामे असतील, असा हिशेब निघाला. १९८१ मध्ये अक्काचे लग्न वाळव्याकडे झाले. तिच्या पानावर एकच नोंद आहे, लग्नखर्चाची. त्यात एक ओळ: बोरमाळ, सोन्याची, एक.

थोरल्या बंधूंनी सांगलीत आयटीआय केले आणि ते रेल्वेच्या भरतीला बसले. अर्जावर त्यांनी धर्म बौद्ध लिहिला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या लोकांनी काय गमावले, हे नव्या पिढीला ठाऊक असावे. महाराष्ट्र शासनाने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या. परंतु केंद्राच्या सेवेत त्या मिळण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. तोवर केंद्राच्या भरतीत बौद्ध म्हणवणारा उमेदवार खुल्या वर्गातच मोजला जाई. चाळीतल्या एका हितचिंतकाने सुचवले, जुन्या दाखल्याप्रमाणे जात लिही. आबा म्हणाले, "नोकरी गेली तर दुसरी बघू. नाव खोटं लिहायचं नाही." नोकरी गेली. बंधूंनी मिरजेत एका कारखान्यात फिटरचे काम धरले आणि पहिल्या पगारापासून आमच्या पानावर पैसे भरू लागले.

आम्ही १९८७ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात बी.ए.ला प्रवेश घेतला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये उभे केलेले हे महाविद्यालय. 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर गरिबांची मुले तेथे शिकली. आम्हीही सकाळी काम करून दुपारी वर्गात बसलो, आणि त्याची लाज कधी वाटली नाही, कारण शेजारी बसलेला मराठा शेतकऱ्याचा मुलगाही तेच करी. फी शिष्यवृत्तीत भागणार होती. पण निर्वाह भत्ता वर्ष सरता सरता येई, आणि मेस दर महिन्याला पैसे मागे. शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि ती हाती पडणे यांत जो काळ जातो, त्या काळात पोरगा जेवणार काय? गरीब घरातली बहुतेक शिक्षणे तिथे तुटतात. नापास होऊन तुटत नाहीत.

त्या जूनमध्ये अक्का माहेरी आली. जाताना तिने बोरमाळ काढून आईच्या हातात ठेवली. सांगलीच्या एका पेढीवर ती गहाण पडली आणि आमची मेस सुरू झाली. आबांनी आमच्या पानावर लिहिले: उसने, अक्काकडून.

शिष्यवृत्ती आली तेव्हा मधल्या बंधूंचा प्रवेश होता. पुढल्या वर्षी आईचे आजारपण निघाले. व्याज चढत गेले. बोरमाळ सुटली नाही, मुदत संपली आणि ती बुडाली. आम्ही बी.ए. झालो, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातून इतिहासात एम.ए. झालो, बी.एड. होऊन काही वर्षांनी अनुदानित शाळेत लागलो. मधले बंधू तलाठी झाले. धाकट्या बहिणीच्या वेळी अक्का आबांसमोर येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, हिचं पान मी लिहिते." धाकटीने डी.एड. केले. शेंडेफळ पाचवीपासून याच आपल्या विद्यालयात राहून शिकले. कुटुंबाचे नाव झाले. सत्कारांत आबांना शाल मिळाली. अक्का मागच्या रांगेत नातेवाईकांत बसे.

काही वर्षांपूर्वी वाळव्याकडच्या एका विहारात जयंतीला आमचे भाषण होते. रामजींचा तोच प्रसंग आम्ही नेहमीच्या आवेशाने सांगितला. समोर महिलांत अक्का बसली होती. रात्री जेवताना तिने सहज विचारावे तसे विचारले, "आरं, त्या पोरींचे दागिने माघारी आलं हुतं का?"

आम्ही म्हणालो, "हो अक्का. पेन्शन आली की रामजी सोडवून देत. चरित्रांत तसंच आहे."

"मग बरं हाय," ती म्हणाली आणि ताटात आमटी वाढू लागली.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. इतिहासाची पदवी घेतलेल्या माणसाने हा प्रसंग तीसेक वर्षे सांगितला, पण मंजुळा आणि तुळसा यांच्या बाजूने तो एकदाही वाचला नव्हता. मग एकेक आठवू लागले. कर्मवीरांच्या साताऱ्यातील बोर्डिंगमधल्या मुलांना अन्न मिळावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिले. बाबासाहेब लंडन-न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना मुंबईत रमाईंनी गोवऱ्या थापून दिवस काढले. आपल्या माणसांच्या पदव्यांचा अर्धा खर्च बायकांच्या गळ्यातून, हातांतून आणि पोटातून आला आहे. आणि आम्ही 'आम्ही शिकलो' असे म्हणताना त्या 'आम्ही'त अक्काला धरत नव्हतो. आमच्या घरच्या शाळेची खरी शिक्षिका तीच होती, आणि शिक्षिका होण्याचा अधिकार फक्त तिला मिळाला नाही.

आम्ही पाच भावंडांनी मिळून नवी बोरमाळ करायचे ठरवले. अक्काने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आता ह्या वयात गळ्यात काय घालू? पोरीची फी भरा." तिची मुलगी तेव्हा याच विद्यालयातून बाहेर पडून नर्सिंगला गेली होती. आम्ही नवी वही घेतली आणि पहिले पान भाचीचे केले. आज ती सांगलीत परिचारिका आहे. सोन्याचा हिशेब असा काहीसा जुळला. १९७९ च्या डी.एड.चा हिशेब जुळलेला नाही. तो जुळणारही नाही, हे आम्ही मान्य केले आहे.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच. वही जरूर मांडा, पण मुलीचे पान शेवटी ठेवू नका. मूल आठवी-नववीत असतानाच जातीचा दाखला काढून ठेवा. बारावीत जात पडताळणीचा अर्ज करा, उत्पन्नाचा दाखला वेळेत घ्या, बँकेचे खाते आधारला जोडा. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, समाजकल्याणची वसतिगृहे आहेत, आणि ज्यांना वसतिगृहात प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची स्वाधार योजना आहे. यांपैकी काहीही उपकार नाही. तो हक्क आहे, आणि हक्क मागायला कागद लागतो. दोन मुले एकदम आली तर धाकट्यासाठी थोरलीला थांबवू नका. एकाला कमवा-शिकामध्ये घाला, दुसरीला वसतिगृहात. अवघड जाईल, पण जाईल.

माजी विद्यार्थ्यांना एक सूचना. आपण इमारतीला, कमानीला, पुतळ्याला देणगी देतो. ती द्यावीच. परंतु जून ते मार्च या काळात, शिष्यवृत्ती येईपर्यंत, विद्यालयातून बाहेर पडलेल्या मुला-मुलींच्या मेसचे पैसे भरणारा एक फिरता निधी आपण उभा करू शकतो. शिष्यवृत्ती आली की मुलाने पैसे परत करावेत, ते पुढच्याला मिळावेत. म्हणजे यापुढे आपल्या कोणत्याही मुलाच्या जेवणासाठी कोणा अक्काची बोरमाळ पेढीवर जाणार नाही.

आम्हा पाच भावंडांचा पहिला हप्ता या लेखासोबत कार्यालयात जमा केला आहे. पावतीवर देणगीदार म्हणून कोणाचे नाव घालायचे, असे कार्यालयाने विचारले. आम्ही अक्काचे सांगितले.

नमो बुद्धाय. जय भीम.