कमरेवर की कपड्याआड

३१ डिसेंबर २०१५ पर्यंत टेक्सासात परवानाधारकाने आपलं पिस्तूल मुद्दाम लोकांना दिसू देणं हा गुन्हा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याचा हक्क झाला. माणूस तोच, पिस्तूल तेच, कमरेचा पट्टाही तोच. आता शर्ट आत खोचून घराबाहेर पडायची मुभा मिळाली, एवढाच फरक. १ सप्टेंबर २०२१ पासून तर परवान्याचीही गरज उरली नाही. वयाची २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या कुणालाही इथे पिस्तूल बाळगता येतं. उघड बाळगायचं तर ते होल्स्टरमध्ये हवं. दिसू द्यायचं की झाकायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मला हे दोनदा ठरवावं लागलं. एकदा पिस्तूल बाळगणारी म्हणून आणि एकदा दारावर पाटी लावणारी म्हणून. ह्यूस्टनच्या कडेला आमचं औषधांचं छोटं दुकान आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं यांच्यासाठी इथली औषधांची दुकानं फोडली जातात, भरदिवसा लुटलीही जातात. रात्री शटर ओढून, गल्ला पिशवीत घालून रिकाम्या पार्किंगमधून गाडीपर्यंत जाणारी बहुतेक वेळा मीच असते. आधी दिवे वाढवले, कॅमेरे लावले, कुलपं बदलली. मग पिस्तुलाचा विचार सुरू झाला आणि तो मनातून जाईना.

परवाना सक्तीचा नसला तरी मी तो काढला, कारण त्यामागे शिकवणी आहे. वर्गात बळाचा वापर कधी करता येतो याचा कायदा शिकवतात, वाद हातघाईवर न आणता कसा मिटवावा हे शिकवतात, शस्त्र घरात सुरक्षित कसं ठेवावं हे शिकवतात. मग परीक्षा. पन्नास गोळ्या, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून; २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. समोर माणसाच्या धडाची काळी आकृती छापलेला कागद असतो. सात यार्डांच्या रेषेवर उभी राहिले तेव्हा जाणवलं की आमच्या काउंटरपासून दुकानाच्या दारापर्यंत साधारण एवढंच अंतर आहे. त्या दारातून रोज माझी ओळखीची माणसं आत येतात. त्या रेषेवर माझा हात थरथरला नाही, पण त्या दिवसानंतर मी ते दार पूर्वीसारखं पाहू शकलेले नाही.

खरी अडचण पुढे आली. हे अंगावर ठेवायचं कुठे? पंजाबी ड्रेसला पट्टा नसतो, साडीला तर नसतोच. सगळ्यात सोपी जागा पर्स, आणि तीच सगळ्यात वाईट. पर्स खांद्यावरून हिसकावली जाते, विसरते, मुलांच्या हाती लागते. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोत एका वॉलमार्टमध्ये खरेदीच्या गाडीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि त्यातून सुटलेल्या गोळीने ती आई तिथेच गेली. तिच्याकडे परवाना होता. पर्सला पिस्तुलासाठी खास कप्पा होता. तो प्रसंग वाचल्यापासून पर्सचा विचार मी कायमचा सोडला.

राहिली कंबर. ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक प्लास्टिकचं होल्स्टर, ते पेलणारा जाड पट्टा, त्यावर एक माप मोठा शर्ट. वाकलं की शर्ट वर सरकतो, बसलं की मूठ पोटात रुतते, जरा घट्ट कापड असलं की पिस्तुलाचा आकार बाहेर उमटतो. इथले लोक त्याला प्रिंटिंग म्हणतात. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये एकावर दुसरा कपडा घालणं ही शिक्षा असते. उघड बाळगणारे जी कारणं सांगतात त्यातलं निम्मं तरी या उकाड्यातून आणि अवघडलेपणातून येतं, आणि ते खोटं नाही. शर्ट बाजूला करून पिस्तूल काढायला वेळही जास्त लागतो.

त्यांचं दुसरं म्हणणं असं की दिसणारं पिस्तूल चोराला परतवून लावतं. कधी लावतही असेल. पण ज्याने आधीच ठरवलं आहे, त्याला पहिली गोळी कुणाला घालायची हेही ते दाखवून देतं. शिवाय पोलिसांच्या कमरेच्या होल्स्टरला, कुणी पिस्तूल झटकन उपसू नये म्हणून, कळा लावलेल्या असतात, आणि शस्त्र हिसकावलं जाऊ नये याची तालीम त्यांना दिलेली असते. रांगेत पाठमोऱ्या उभ्या असलेल्या साध्या गिऱ्हाइकाकडे यातलं बहुधा काहीच नसतं.

तिसरं म्हणणं मला जास्त विचार करायला लावतं. उघड बाळगणारा प्रामाणिक असतो, असं ते आहे, आणि ते फार जुनं आहे. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच लपवलेल्या शस्त्रांवर बंदी घातली होती. लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५० मध्ये ती उचलून धरताना मांडलेली भूमिका अशी होती की समोरासमोर दिसणारं शस्त्र मर्दाला शोभतं, दडवलेलं शस्त्र दगाबाजाचं असतं. मी वाढले ती १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडाच्या गोष्टीवर. अंगरख्याखाली चिलखत, मुठीत वाघनखं. झाकलेलं शस्त्र भ्याडाचं, असं आमच्या इतिहासाच्या तासाला कुणाच्याही मनात आलं नव्हतं. उलट ते नसतं तर काय झालं असतं, या विचाराने आम्ही श्वास रोखून बसायचो. त्यामुळे लुइझियानाचे ते न्यायमूर्ती मला परके वाटतात. शस्त्र कुठे आहे यावरून माणूस ओळखता येत नाही. ते कशासाठी आहे, हे पाहावं लागतं.

आणि टेक्सासची ती सिनेमातली प्रतिमा, रस्त्यातून कमरेला दोन पिस्तुलं लावून चालणारा गडी? १८७१ च्या कायद्याने या राज्यात पिस्तूल घेऊन फिरायलाच बंदी होती. स्वतःची जागा, प्रवास, समोर ठाकलेलं संकट असे अपवाद होते, पण बंदी सव्वाशे वर्षं टिकली. ती सैल झाली त्यामागे एक दुःख आहे. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन गावातल्या ल्युबीज या खानावळीत एका माणसाने २३ जणांना मारलं. सुझॅना हप तिथे आईवडिलांबरोबर जेवत होत्या. कायदा मोडू नये म्हणून त्यांनी आपलं रिव्हॉल्व्हर गाडीत ठेवलं होतं. आई आणि वडील दोघंही त्या दिवशी गेले. पिस्तूल जवळ बाळगता यावं या मागणीसाठी हप पुढे लढल्या. १९९५ मध्ये परवान्याचा कायदा झाला, तोही झाकूनच बाळगण्याचा, आणि त्यानंतर हप विधानसभेत निवडून आल्या. मी हप यांच्याशी अनेक बाबतीत सहमत नाही. तरी रात्री शटर ओढताना त्या गाडीत राहिलेल्या रिव्हॉल्व्हरची आठवण मला होते.

आता जे लिहायचं आहे ते इथल्या मराठी मंडळातल्या गप्पांमध्ये फारसं कुणी बोलत नाही. कायद्याच्या पुस्तकात ही निवड सगळ्यांना सारखी दिलेली आहे. रस्त्यावर ती सारखी नाही. जुलै २०१६ चे लागोपाठचे दोन दिवस घ्या. ६ तारखेला मिनेसोटात फिलांडो कॅस्टिल या कृष्णवर्णी तरुणाची गाडी पोलिसाने थांबवली. त्याच्याकडे परवाना होता, पिस्तूल झाकलेलं होतं आणि आपल्याजवळ शस्त्र आहे हे त्याने आपणहून सांगितलं. पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. ७ तारखेला या आणि अशा घटनांच्या निषेधात डॅलसमध्ये मोर्चा निघाला. टेक्सासात रायफल उघड बाळगायला तेव्हाही परवाना लागत नसे. मोर्चात काही जण ती खांद्याला लावून आले होते. एका हल्लेखोराने पाच पोलिसांना मारलं. त्या गोंधळात पोलिसांनी रायफलवाल्या एका कृष्णवर्णी मोर्चेकऱ्याचा फोटो संशयित म्हणून जगभर पसरवला. त्या बिचाऱ्याने रायफल आपणहून पोलिसांच्या हवाली केली. पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन यांनी नंतर सांगितलं की बंदुका लटकवलेल्या इतक्या माणसांमधून हल्लेखोर कोण, हे ओळखणंच कठीण झालं होतं.

एकाने झाकून बाळगलं, एकाने उघड. दोघांनीही कायदा पाळला होता. कॅलिफोर्नियाचा इतिहासही हेच सांगतो. मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले, आणि त्याच वर्षी गव्हर्नर रेगन यांनी भरलेलं शस्त्र उघड बाळगण्यावर बंदी आणणाऱ्या कायद्यावर सही केली. बंदूक दिसली म्हणजे आधी ती धरणाऱ्याचा रंग दिसतो. माझ्या नवऱ्याचा वर्ण सावळा आहे, दाढी दाट आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससच्या ओलेथ गावात श्रीनिवास कुचिभोतला या आपल्या माणसाला परका म्हणून गोळी घातली गेली, तेव्हा आमच्या घरी रात्रभर दिवा चालू होता. नवऱ्याने पिस्तूल कमरेला उघड लावून पेट्रोल भरायला जावं आणि समोरच्याने ते 'हक्क' म्हणून वाचावं, एवढा विश्वास मी या रस्त्यावर टाकू शकत नाही.

म्हणून आम्ही झाकून बाळगतो. आणि पोलिसाने थांबवलं तर काय करायचं याची आम्ही तालीम केली आहे: दोन्ही हात स्टिअरिंगवर, आतला दिवा लावलेला, ओळखपत्राबरोबर परवाना द्यायचा, पण विचारल्याशिवाय हात हलवायचा नाही. मी औषधाच्या बाटलीवर सूचना चिकटवते तितक्याच बारकाईने हे घोकून घेतलं आहे, आणि कॅस्टिलचं आठवून प्रत्येक वेळी पोटात कालवतं.

दुकानाच्या दाराचा निर्णय वेगळा होता. इथल्या कायद्यात पाट्यांचे प्रकार आहेत: परवानाधारकाने झाकून आणलेलं नको, परवानाधारकाने उघड आणलेलं नको, विनापरवाना नको. मजकूर कायद्याने ठरवून दिलेला, अक्षरं किमान एक इंच उंच, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत. आम्ही शेवटच्या दोन लावल्या, पहिली लावली नाही. म्हणजे परवाना घ्या, शिका आणि झाकून आणा. एच-ई-बी या इथल्या किराणाच्या साखळीनेही २०१६ मध्ये उघड पिस्तुलाला मनाई करून झाकलेलं चालू दिलं होतं. तेव्हा मला तो दुटप्पीपणा वाटला. शस्त्र दोन्हीकडे आहेच की. आता काउंटरच्या या बाजूने पाहताना तसं वाटत नाही. तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन उभी असलेली आई, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेले आजोबा, यांच्या पुढ्यात एखादा उघडं पिस्तूल लावून उभा राहिला, तर त्याचा हेतू कितीही चांगला असो, रांगेतल्या प्रत्येकाला त्याच्यावर नजर ठेवणं भाग पडतं. हे काम त्याने त्यांच्यावर लादलेलं असतं. माझी भीती माझी आहे. ती मी इतरांच्या डोळ्यांत का घालू?

सांगलीकडच्या माझ्या काकांकडेही परवान्याचं पिस्तूल होतं. भारतात शस्त्रनियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी ते होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलंच हवं. निवडीचा प्रश्नच नाही. पण खंडेनवमीला ते रिकामं करून पाटावर ठेवलं जायचं, हळदकुंकू वाहिलं जायचं आणि घरातल्या प्रत्येक पोराला ते कुठे असतं, कुणी हात लावायचा नाही, हे त्या दिवशी पुन्हा बजावून सांगितलं जायचं. रस्त्यावर झाकलेलं ते घरात कुणापासून लपलेलं नव्हतं.

तेच मी इथे करते. आमच्या मुलीला माहीत आहे की घरात पिस्तूल आहे आणि ते अंगावर नसेल तेव्हा भिंतीत पक्क्या केलेल्या लोखंडी तिजोरीत असतं. मंडळाचा गणेशोत्सव भाड्याने घेतलेल्या शाळेत असतो आणि शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं परवान्यावरही गुन्हा आहे, म्हणून त्या दिवशी ते घरीच राहतं. गाडीत सोडून जायला मन धजत नाही, कारण चोरांना हवी असलेली पिस्तुलं बऱ्याचदा गाड्यांतूनच मिळतात. मुलीची मैत्रीण खेळायला येणार असली की मी त्या मैत्रिणीच्या आईला आधी फोन करून सांगते: आमच्याकडे शस्त्र आहे, असं ठेवलेलं आहे, पाहायचं असेल तर या. आणि आमची लेक कुणाकडे जाणार असली की तोच प्रश्न त्यांना विचारते. काहींना राग येतो. मंडळातल्या एका ताईंनी महिनाभर अबोला धरला होता. एकीने मात्र फोनवरच थांबून नवऱ्याला विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी कळवलं की त्यांचं पिस्तूल पलंगाशेजारच्या खणात होतं, आता कुलपात आहे.