पाहुण्यांची वळकटी

तेलंगणातल्या आमच्या नार्नूरमध्ये कोणाच्या घरी साप निघाला तर अख्खी गल्ली गोळा होते. ढेकूण निघाला तर लोक दार लोटून घेतात.

साप रानातून येतो, त्याची घरच्या बाईला लाज नसते. ढेकूण निघाला की मात्र बाईचं घर गचाळ, असा सरळ हिशेब. या हिशेबात काही दम नाही. ढेकणाला उष्टं-खरकटं लागत नाही, कचरा लागत नाही. त्याला माणसाचं रक्त लागतं आणि लपायला एखादी फट लागते. रोज सारवलेल्या, पुसलेल्या घरातही ही दोन्ही मिळतात. पण गल्लीला हे कोण समजावणार? म्हणून बायका गुपचूप गाद्या झटकतात, विचारलं तर ‘उवा नाही, पिसवा नाही, काही नाही’ म्हणतात, आणि ढेकूण आरामात या घरातून त्या घरात जातात.

आमच्याकडे त्यांचा पत्ता लागला धाकट्याच्या दंडावरून. तो आजीजवळ, म्हणजे माझ्या सासूबाईंजवळ झोपायचा. सकाळी दंडावर लाल गांधी उठलेल्या, एका रेषेत तीन. डास चावले असतील, असं घरातले सगळेच म्हणाले. आमच्या या भागात डासांची कमी कधीच नव्हती. पण डास असे ओळीने चावत नाहीत. आजीच्या उशीच्या अभ्र्यावर बारीक काळे ठिपके दिसले, शाई टिपकागदात उतरावी तसे कडेने पसरलेले. तो त्यांनी पचवून टाकलेल्या रक्ताचा डाग असतो. ओल्या फडक्याने पुसला की तांबूस ओघळ येतो.

सासूबाईंची बाज सागवानी, आजेसासऱ्यांच्या काळातली, सुतळीने विणलेली. पहाटेच्या आधी, अजून पुरता अंधार असताना, आम्ही टॉर्च घेऊन बसलो. ढेकणाची जेवायची वेळ तीच. बाजेचे पाय आणि आडवी लाकडं जिथं एकमेकांत बसवलेली असतात, त्या खाचेत मी गोधडी शिवायची सुई फिरवली. आधी नुसतं भुसकट निघालं. नीट पाहिलं तर ती त्यांची टाकलेली कात. ढेकणाचं पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं, आणि प्रत्येक वेळी त्याला एकदा तरी पोटभर रक्त प्यावं लागतं. कातीखाली पांढरी अंडी, जेमतेम एक मिलिमीटरची, लाकडाला डिंकाने डकवल्यासारखी घट्ट. आणि त्यांच्यामध्ये चपटी, तपकिरी थोराड मंडळी. त्यातली एक तुडुंब प्यालेली होती. तिला धड पळताही येईना. सुईने दाबली तर तो ओळखीचा उग्र वास आला. जुन्या टॉकीजच्या खुर्च्यांवर बसलेल्या माझ्या पिढीतल्या कोणालाही तो सांगावा लागत नाही.

‘आले कुठून?’ हा प्रश्न घरात दोन दिवस चालला. खरं उत्तर कोणाकडेच नव्हतं, पण संशय खामदेवाच्या जत्रेवर होता. पौष पौर्णिमेला आमच्या गावात ही जत्रा भरते. देव गोंडांच्या तोडसम कुळाचा; कुळातली एक लेक तिळाचं तेल पिते, तो विधी पाहायला गोंडच नव्हे, सगळ्या जातीजमातींची माणसं येतात. आमचे पाहुणे जिवती, गडचांदूर, किनवट इकडून येतात. डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला, पलीकडे महाराष्ट्रात त्याच वर्षी मार्चपासून एसटीचं तिकीट अर्धं. आत्या, मावश्या, चुलत नणंदा, सगळ्यांना जत्रा आठवायला लागली. यायलाच हवं, मला त्याचा आनंदच आहे. पण आदिलाबादची जानेवारीतली थंडी सगळ्यांना माहीत, म्हणून प्रत्येकीच्या काखेत वळकटी. त्या वळकट्या रात्री एकावर एक रचल्या जातात. ढेकणाला पंख नाहीत, त्याला उडी मारता येत नाही. त्याचा सगळा प्रवास असा आपल्या काखेतून चालतो. वसतिगृहातून सुट्टीला आलेल्या पोराच्या पेटीतून, स्वस्तात घेतलेल्या जुन्या दिवाणातून, बसच्या सीटवर ठेवलेल्या पिशवीतून. मावशीच्या वळकटीवर बोट ठेवणं सोपं, पण ते आमच्याच थोरल्याच्या पेटीतून आले नसतील कशावरून?

मालकांचा हात सगळ्यात आधी गेला कोठीतल्या बाटलीकडे. कापसाचं गाव, फवारणीचं उरलेलं औषध कोणाच्या घरात नाही? ‘दोन झाकणं पाण्यात टाकून बाजेवर मारतो, संध्याकाळपर्यंत खलास.’ मी आडवी आले. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. ते उघड्या शेतात, वारा असताना. आणि आम्ही तेच औषध लेकराच्या अंथरुणाला लावणार? धान्यात ठेवायच्या गोळ्या खोलीत ठेवून दार बंद करायचा सल्लाही एकाने दिला. त्या गोळ्यांना हवेतली ओल लागली की विषारी वायू सुटतो, आणि तो भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसापर्यंत जातो. ढेकूण मारायला गेलेली अशी घरं पेपरात आलेली आहेत. एके काळी ‘टिक ट्वेंटी’ची बाटली महाराष्ट्रात घरोघर होती, ढेकणांपेक्षा माणसांच्या जिवावर उठल्यामुळेच ती जास्त लक्षात राहिली.

सासरे फवारणीला हसतात. मलेरियावाले डीडीटी मारायला यायचे, भिंतीवर तारीख छापून जायचे, ते त्यांना लख्ख आठवतं. ‘मच्छर मरत होते, अन् ढेकनं वळवळत भायेर येत होती. लोक म्हनत, सरकारनं ढेकनं सोडली.’ यात तथ्य आहे. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण १९४०च्या दशकातच दिसू लागले होते, आणि फवाऱ्याने ते मरायच्या ऐवजी नुसते चवताळून बाहेर पडायचे. पुढे जगात कितीतरी ठिकाणी लोकांनी याच कारणाने मलेरियाच्या फवारणीला दार उघडलं नाही. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक स्प्रेंचीही बऱ्याच ठिकाणी तीच गत आहे. शिवाय अंड्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. उबेत आठ-दहा दिवसांत ती फुटतात आणि खेळ पुन्हा सुरू.

थोरल्याने मोबाईलवरून वेगळंच शोधून काढलं. युरोपात बाल्कन देशांमध्ये पूर्वी रात्री बाजेखाली राजम्याच्या वेलाची पानं पसरायचे. पानांवरचे बारीक आकडे ढेकणाच्या पायात रुततात, तो जागीच अडकतो, सकाळी पानं जाळून टाकायची. २०१३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते खरं असल्याचं दाखवलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘आपल्याकडं ऊन हाय ना बापा, पानं कायले पायजेत?’

त्यांचंच खरं. ढेकूण उपाशी महिनोन्‌महिने काढू शकतो, म्हणून खोली बंद ठेवून तो मरत नाही. पण उष्णता त्याला सोसत नाही. पंचेचाळीस अंशांच्या वर काही तास राहिला की थोर, पिल्लू, अंडं, काही वाचत नाही. पन्नासच्या पुढे तर मिनिटांचाच प्रश्न. जानेवारीत मात्र आमच्याकडे ऊन कोवळं. तेव्हा आधी उकळतं पाणी वापरलं. बाज अंगणात उभी केली, सुतळी सोडवून जाळली, आणि प्रत्येक खाचेत किटलीने पाणी ओतत राहिलो. चादरी, अभ्रे, मच्छरदाणी पाण्याच्या हंड्यात उकळली. मच्छरदाणीच्या शिवणीकडे कोणाचं लक्ष जात नाही, ती आतून बाहेर करून पाहावी. जाडजूड गोधड्या उकळता येत नाहीत, कितीतरी जुन्या साड्यांचे थर असतात एकीत. त्या प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांत घट्ट बांधून मेपर्यंत बाजूला ठेवल्या. मे महिन्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसच्या आसपास जातो. तेव्हा त्या पत्र्याच्या पेटीत सुट्या सुट्या भरल्या, झाकण लावलं आणि पेटी दिवसभर उन्हात ठेवली. दुपारी पेटीला हात लावला तर चटका बसत होता. नुसती अंगणात पसरलेली गादी कामाची नाही. वरून तापते, आणि ढेकूण शहाणा, खालच्या थंड बाजूला सरकतो. कापसाच्या गाद्या पिंजाऱ्याकडून पुरत्या उसवून घेतल्या, खोळी उकळल्या, कापूस त्याने उन्हात पिंजला.

मग भिंती. जुनं मातीचं घर, त्याला फटींचा काय तोटा. शेणमाती आणि वरून चुना, खिडकीच्या चौकटीपासून खुंटीच्या भोकापर्यंत. बाज भिंतीपासून हातभर सरकवली, पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, पांघरुणाचं टोक जमिनीला टेकणार नाही असं पाहिलं. बाजेतच ढेकूण असतील तर वाट्यांचा काही उपयोग नाही, हे लोक विसरतात. आधी बाज साफ, मग वाट्या. आणि दर आठवड्याला पुन्हा टॉर्च आणि सुई, कारण राहून गेलेलं एक अंडंसुद्धा पुरतं.

एवढं करूनही पंधरवड्यानंतर पुन्हा दोन सापडले, शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीकडे. भिंत सामाईक. सासूबाई सरळ उठल्या आणि पाण्याच्या टाकीवर, चार बायकांच्या देखत, शेजारणीला म्हणाल्या, ‘आमच्या घरी ढेकनं झाली व्हती. तुमच्याकडं पाहून घ्या.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारीण आधी लाल झाली. संध्याकाळी दारात येऊन हळूच म्हणाली, ‘किटली द्या वं जरा तुमची.’ त्या आठवड्यात दोन्ही घरांच्या बाजा एकाच दिवशी अंगणात निघाल्या, आणि भिंतीची फट दोन्हीकडून बुजली.

या वर्षीच्या जत्रेला सासूबाईंनी नियम केला. पाहुण्यांनी अंथरूण आणायचं नाही, घरच्या गोधड्या मिळतील. आणलंच तर ओसरीत पिशवीत बांधून राहील, पिशव्या आणि बॅगा बाजेवर ठेवायच्या नाहीत. गडचांदूरच्या मावशीला हे लागलं. वळकटी तशीच धरून ती उभी राहिली.

‘आमी काय ढेकनं घेऊन आलो का वं?’

‘तू नाही आनली,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पन मागच्या खेपेला इथून नेली असशील, म्हनून इचारते.’

मावशी क्षणभर बघत राहिली, मग वळकटी खाली ठेवून ओसरीवर बसली. ‘झाली व्हती,’ ती म्हणाली. ‘सुनेनं कोनाले सांगू नको म्हनलं. तीन गाद्या जाळल्या आमी.’ आणि लगेच, ‘ते पेटीचं कसं केलं, ते सांग. आमच्याकडं पत्र्याची नाही, लाकडाची हाय. चालंल का?’