कार्तिकी पौर्णिमेनंतर

जंगलात प्राणी बघायला कधी जावं, असं कुणालाही विचारा. जाणकार माणूस चटकन सांगतो, एप्रिल-मे. पानं झडलेली असतात, गवत वाळून बसलेलं असतं, ओढे आटलेले असतात. उरलेल्या चार पाणवठ्यांवर सगळ्यांना यावंच लागतं. जीप लावून बसलं की झालं. सांगणाऱ्याचं काही चुकत नाही. कार्तिकात गेलं तर पावसानंतरचं गवत पुरुषभर उभं असतं, प्रत्येक ओहोळाला पाणी असतं आणि दहा पावलांवर गवा असला तरी पत्ता लागत नाही.

तरीही आमची सहल नोव्हेंबरातच ठरते आहे. लेकीनं पुण्याहून फोनवर कपाळाला हात लावला. “आई, पैसे भरून गवत बघायला जायचं का?” मी म्हटलं, “गवतही बघू की गं.” पण माझ्या मनात दुसरंच होतं. एप्रिलमधलं ते दर्शन जनावरांच्या तहानेवर उभं असतं. त्यांना पाण्याला येण्यावाचून गत्यंतर नाही, हे धरून आपण तिथं बसायचं. शरदात मात्र त्यांचं काही अडलेलं नसतं. पोट भरलेलं, पाणी जवळ, लपायला आडोसा. अशा दिवसांत एखादं दिसलंच, तर ते त्याच्या मर्जीनं दिसलं म्हणायचं.

तारीख काढायला बसले, तेव्हा दिनदर्शिकेनंही हेच दिवस पुढं केले. आषाढ चतुर्दशीपासून महाराजांचा वर्षायोग. त्या चार महिन्यांत आमच्या घरात हौसेचा प्रवास कुणी करत नाही. पावसानं जमीन जिवंत झालेली असते. गांडूळ, गोगलगाय, शेवाळ, मुंग्यांचे पंख, नुकतं फुटलेलं गवत. पाऊल टाकीन तिथं कुणीतरी असतंच, म्हणून पाऊलच कमी टाकायचं. गंमत अशी, की ताडोबा, पेंच, कान्हा इथलं गाभ्याचं जंगलही जुलै ते सप्टेंबर पर्यटकांना बंद असतं. त्यांची कारणं वेगळी, रस्ते चिखलात जातात, जनावरांनाही थोडी उसंत मिळते. पण पावसाळ्यात जंगलाला एकटं सोडावं, हे दोघांनाही पटलेलं आहे.

दिवाळीच्या पहाटे बस्तीत निर्वाण लाडू चढला की वर्षायोग संपला. पण लगेच निघता येत नाही. कार्तिक अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत अष्टान्हिका, नंदीश्वराची पूजा. म्हणजे निघायचं ते पौर्णिमा उलटल्यावर. यात एक फायदाही आहे. पावसाळ्यात दळलेल्या पिठाची मर्यादा तीन दिवसांची, थंडी लागली की सात दिवसांची होते. दोन मुक्कामांची शिदोरी घरच्या पिठाची नेता येते.

जागा ठरवायला मात्र नकाशापेक्षा आत्यांचं व्रत आधी उघडावं लागलं. सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. आत्याच्या घरी लेक देण्याची आमच्याकडे रीतच आहे. मामा गेले त्या वर्षी आत्यांनी दिग्व्रत घेतलं. चारी दिशांना किती जायचं याची हद्द, तीही नद्या, डोंगर, गावं अशा ठळक खुणांनी बांधायची. त्यांची उत्तरेची हद्द कुंथलगिरी, जिथं १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना झाली. दक्षिणेची श्रवणबेळगोळ. आणि पश्चिमेला, घाट उतरायचा नाही.

बेळगावच्या माणसाला घाट उतरायचा नाही म्हटल्यावर गोवा गेला, मोलेमचं जंगल गेलं. उरलं ते घाटमाथ्यावरचं. खानापूर, लोंढा, रामनगर करत गणेशगुडी आणि पुढं दांडेली. काळी नदीच्या दोन्ही अंगांचं हे जंगल. दांडेलीचं अभयारण्य १९५६ सालचं, अणशीचं राष्ट्रीय उद्यान १९८७ सालचं. दोन्ही मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला नदीचंच नाव मिळालं, काळी. वाघ आहे, काळा बिबट्या आहे, गवे आहेत, शेकरू आहे. पण इथली खरी ओळख धनेशाची. आमच्या घरापासून दोन-अडीच तासांचा रस्ता, आणि सगळा घाटाच्या वर.

मी हे सगळं आत्यांना वाचून दाखवलं. माळ ओढता ओढता त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “व्रतात बसतंय ते कळलं. पण कशाला जायचं?”

साधा प्रश्न. पण रत्नकरंडक ज्यांनी आयुष्यभर वाचला, त्यांच्या तोंडून तो साधा राहत नाही. समंतभद्र आचार्यांनी अनर्थदंड सांगितला आहे, म्हणजे काही कारण नसताना होणारी हिंसा. त्याचे पाच प्रकार. पाचवा प्रमादचर्या. उगाच जमीन खणणं, उगाच पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडाची फांदी मोडणं, आणि या यादीच्या शेवटी, विनाकारण हिंडणं आणि दुसऱ्याला हिंडवणं. आत्या एवढंच विचारत होत्या, की ही सहल यात येते का? तीर्थाला जाताना गाडीखाली चार जीव गेले, तर निदान दर्शनाचं कारण असतं. वाघ बघायचा म्हणून डिझेल जाळायचं, जंगलातल्या रस्त्यानं गाडी पळवायची, याला काय म्हणायचं?

“मन रमतं” हे उत्तर त्यांच्यापुढं टिकलं नसतं. “मुलांना माहिती मिळते” हेही नाही. आमची मुलं तिशीला टेकलीत. मी उत्तर दिलं नाही. वही काढली आणि सहलीतून एकेक गोष्ट कमी करत गेले.

लेकीच्या यादीत तीन सफारी होत्या. संध्याकाळची सफारी पहिल्यांदा गेली. कार्तिक संपता संपता सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मावळण्याआधी दोन घटका जेवण आटोपलं पाहिजे, आणि त्याच वेळेला जीप जंगलात. आत्या उपवास करायला तयार होत्या, त्यांना त्याचं काहीच वाटत नाही. पण त्यांना उपाशी ठेवून मी गवा बघणार नव्हते. पहाटेची सफारी मात्र आमच्या रीतीत चपखल बसते. सूर्य उगवून दोन घटका झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, तोवर जंगलात फिरून येता येतं. मग एकच सफारी ठेवली, एकाच पहाटेची. बाकीचा वेळ एका जागी बसायचं.

बसायच्या जागा तिथं पुष्कळ. दांडेलीचा सरकारी लाकूड डेपो धनेश बघणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. ओंडक्यांच्या राशी आणि वर उंच झाडं, मोठा धनेश आणि मलबारी कवड्या धनेश तिथं येतात. तिकडं आत्यांच्या गुडघ्यांना खुर्ची चालते. गणेशगुडीच्या बाजूला पक्ष्यांसाठी पाणी भरून ठेवतात, तिथंही गप्प बसून राहिलं की स्वर्गीय नर्तकासारखं पाखरू आपणहून येतं. कुळगीचा वनखात्याचा मुक्काम दांडेलीपासून जवळ, तो धरला. जेवणाचं बोलून घेतलं. जोयड्याच्या बाजूचे कुणबी नाना तऱ्हेचे कंद पिकवतात, पाहुण्याला तेच कौतुकानं वाढतात. म्हणून आधीच सांगितलं, आमच्या ताटात कंद नको, भात-आमटी असली तरी पुष्कळ. बाकी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि पाणी गाळायचं फडकं बरोबर.

हे सगळं लिहून झालं तरी “कशाला”चं उत्तर वहीत नव्हतं. ते निघालं धनेशाच्या जेवणातून.

हा पक्षी मुख्यतः फळांवर जगतो, आणि त्यातही वड, पिंपळ, उंबर या जातीच्या फळांवर. मी हे आत्यांना सांगितलं आणि त्यांची माळ थांबली. पंच उदुंबर! वड, पिंपळ, उंबर, पिंपरी, कठूमर. श्रावकाच्या अष्टमूलगुणांत मद्य, मांस, मध यांच्या जोडीला या पाच फळांचा त्याग आहे. आमच्या घरात तान्ह्या पोरालाही उंबर खाऊ देत नाहीत, कारण त्याच्या आत जीव असतात. आणि ते असतातच. उंबराच्या आत त्याची फुलं असतात. अगदी बारीक गांधीलमाशी त्याच्या भोकातून आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, अंडी घालून ती तिथंच मरते. तिची पिल्लं आत वाढतात आणि पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडं जातात. ही माशी नसली तर उंबराला बी नाही.

“म्हणजे आपण सोडलेलं ते खातंय,” आत्या म्हणाल्या.

तेच तर. आपल्या ताटातून निघालेली पाच फळं रानात कुणाचं तरी मुख्य अन्न आहेत. धनेश ती गिळतो, लांब जाऊन बिया टाकतो, त्यातून रान उगवतं. मादी उन्हाळ्याच्या तोंडावर झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दार लिंपून टाकते, एक फट ठेवते. पुढचे कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला आणि पिल्लांना ही फळं भरवत राहतो. एप्रिल-मेमध्ये जाणारे त्या ढोलीखाली कॅमेरे घेऊन उभे राहतात. नर बिचकला तर आतलं कुटुंब उपाशी. नोव्हेंबरात ढोली रिकाम्या असतात, आणि आपल्यामुळं कुणाचा घास अडत नाही.

आमच्या व्रतांना लोक नकारांची यादी समजतात. हे खायचं नाही, तिथं जायचं नाही, रात्री जेवायचं नाही. मीही लग्न होऊन आले तेव्हा तशीच मोजायची. पण सोडलेली वस्तू कुठं तरी जाते. उंबर सोडला तर तो धनेशाला, शेकराला, वटवाघळाला राहतो. चातुर्मासात वाट सोडली तर ती गोगलगायीला राहते. संध्याकाळची सफारी सोडली तर त्या वेळचा रस्ता गव्याला तेवढा मोकळा. आपण ज्यांच्यासाठी सोडलं, त्यांना एकदा लांबून बघून यावं, हे कारण मला पुरेसं वाटतं. नेमिनाथांनी जुनागढला लग्नाच्या दारात कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकला, आणि रथ वळवून ते गिरनार चढले. आमच्या किल्ल्यातल्या १२०४ सालच्या कमल बस्तीत त्यांचीच पूजा चालते. ती गोष्ट आम्ही दर वर्षी ऐकतो, आणि सुटलेली जनावरं पुढं कुठं गेली हे कुणी विचारत नाही. ती रानातच गेली असणार.

लेकीला मी अजून एक अट सांगितली आहे, पायी चालताना बोलायचं नाही. महाराज विहार करतात ते दिवसाउजेडी, पुढची चार हात जमीन बघत. ईर्यासमिती. जंगलात खरा वाटाड्याही तसाच चालतो. खाली बघून, सावकाश, खुराचा ठसा, विष्ठा, ओरबाडलेली साल वाचत. वर मान करून वाघ शोधणाऱ्याला ओली जमीन काय सांगते ते कळत नाही. लेक म्हणाली, “आणि काहीच दिसलं नाही तर?” मी म्हटलं, ठसा दिसेल. तोही नाही दिसला तर गवत आहेच.

आत्यांनी काल वही मागून घेतली. शेवटच्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं स्वतःची भर घातली आहे. दोन रात्रींपलीकडं मुक्काम वाढवायचा नाही. माकडांना काही टाकायचं नाही. डेपोजवळ उंबराचं झाड असलं, तर खुर्ची त्याच्यापासून लांब मांडायची, पाखरांना खाली उतरायला जागा राहू दे.