पाटीवरचं नाव

चित्रांच्या प्रदर्शनात आपण जरा शहाण्यासारखे वागतो. हात पाठीमागे, आवाज खाली, चित्रापासून चार पावलं लांब. पवईच्या आयआयटीत, आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये, शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांचं प्रदर्शन भरतं तिथे हे शहाणपण कामाचं नाही. इथे खुर्ची दिसली की बसून बघायचं, दांडा दिसला की मूठ आवळायची, पडद्यावर नको ते बटण मुद्दाम दाबायचं. ज्यानं हे सगळं केलेलं असतं तो पोरगा बाजूलाच उभा असतो. डोळे जागरणाने तांबारलेले, बोटांच्या टोकांना फेव्हिक्विकचे वाळलेले पापुद्रे. "काका, जोरात दाबा, काही होत नाही," असं तोंडाने म्हणतो, पण नजर आपल्या हातावरून हलत नाही. आपण कुठे अडखळतो तेवढंच त्याला बघायचं असतं.

अशाच एका टेबलावर खुरपं होतं. खुरपणीच्या बायका दिवसभर उकिडव्या बसून मनगट पिरगाळत राहतात. ते मनगट सरळ राहावं म्हणून दांड्याला दिलेला बाक. चांगलं होतं, हातात नीट बसत होतं. पण माझे पाय थबकले ते त्यामागच्या फळीपाशी. तिथे आधीचे सगळे दांडे ओळीने मांडले होते. पहिले शाडूचे, त्यावर मुठीचा ठसा तसाच वाळलेला. मग थर्माकोलचे, मग एमडीएफचे, मग लाकडाचे. कुठे पेन्सिलीची खूण, कुठे कानशीने उगीच जास्त खाल्लेला भाग. तयार वस्तू आपल्याला उत्तर सांगून मोकळी होते. ही ओळ मात्र तो पोरगा कुठे कुठे आपटला आणि पुन्हा कसा उठला, ते सांगत होती.

त्या ओळीतल्या एका दांड्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. मी विचारलं. दांडा पॉलिश करून गुळगुळीत केला होता म्हणे, आणि शेतावरच्या एका मावशींना वापरून बघायला दिला. संध्याकाळी परत घ्यायला गेला तर मावशींनी त्यावर चिंधी आवळून बांधलेली. घामाने हात सटकत होता. त्या काही बोलल्या नाहीत, तक्रार नाही की सूचना नाही. हाताशी होतं त्यानं काम भागवलं आणि वाफे संपवले. शेवटच्या दांड्यावर ज्या आडव्या खाचा आहेत, त्या या चिंधीच्या वेढ्यांवरून आलेल्या.

प्रत्येक टेबलावर एक पाटी असते. प्रकल्पाचं नाव, मुलाचं नाव, खाली मार्गदर्शकांचं. आलेले आईवडील वस्तूच्या आधी त्या पाटीचा फोटो काढतात. डॉक्टर नाही, इंजिनियर नाही, मग आमचा मुलगा करतो तरी काय, हे नातेवाइकांना सांगता सांगता थकलेली ही माणसं. पाटीवर छापील नाव बघून त्यांना हायसं वाटतं. मला मात्र तिथे एक गंमत वाटत राहते. वस्तू आणि ती करणाऱ्याचं नाव असं शेजारी शेजारी दिसायचा बहुधा हा शेवटचाच दिवस. चित्रकाराला कोपऱ्यात सही करता येते. खुरप्यावर कोण सही करणार?

अशा बिनसहीच्या कामांची उदाहरणं याच आयडीसीत सापडतात. १९६९ साली ही संस्था सुरू झाली. मतदानाच्या दिवशी आपण ज्या यंत्राचं निळं बटण दाबतो, त्या यंत्राचं रूप ठरवण्यात इथले प्राध्यापक ए. जी. राव आणि रवि पूवैया यांचा हात होता. १५ जुलै २०१० ला मंजूर झालेलं रुपयाचं चिन्ह डी. उदयकुमार यांचं, त्यांची पीएचडी इथलीच. इथे शिकवून गेलेल्या र. कृ. जोशींचा 'मंगल' फॉण्ट संगणकावर मराठी लिहिणाऱ्या कितीजणांनी वापरला असेल! तिकडे अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने वर्गातला अभ्यास म्हणून एक आकृती काढली, ती दूरदर्शनचं बोधचिन्ह होऊन घरोघर फिरली. भाजीवाल्याच्या पाटीवर भावापुढे ₹ दिसतो तेव्हा आपल्याला फक्त भाव दिसतो. काम जमलं याची खूण तीच.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. एनआयडी उभी राहिली ती त्यातूनच. देशभर फिरताना पाहिलेल्या वस्तूंत त्यांनी सर्वांत जास्त वाखाणला तो आपला तांब्या. तो कुणा एकाने घडवलेला नाही. पाणी भरणारे, कमरेवर घेणारे, घासणारे, ओतणारे अशा असंख्य हातांनी पिढ्यान् पिढ्या तो नीट करत आणला, आणि नाव कुणाचंच लागलं नाही. डिझाइन शिकवणाऱ्या शाळांच्या मुळाशीच हा निनावी तांब्या बसलेला आहे.

मग त्या मावशींचं काय? निघताना खुरप्याची पाटी मी पुन्हा वाचली. पोराचं नाव होतं, सरांचं होतं, मावशींचं नव्हतं. यात त्याची लबाडी नव्हती. उलट चिंधी जपून त्यानं मांडली होती, विचारणाऱ्या प्रत्येकाला तिची गोष्ट सांगत होता. पाटीच्या छापील नमुन्यात तिसऱ्या नावाची ओळच नव्हती, इतकंच. उद्या एखाद्या कारखान्याने खुरपं काढलंच, तर उरलेली दोन नावंही गळतील आणि तिघं एका पंगतीत येतील. बिननावाने काम करायची मावशींना सवय आहे. पोराला ती अजून लागायची आहे.