बत्तीसची पँट

वर्धा, तान्हा पोळा

प्रिय भाचेबुवा,


बीएमआय २२.८ आला म्हणून तू शुगर तपासायची टाळलीस, असं ताई फोनवर सांगत होती. तुला काय बोलू! माझाही २२.२ होता. उंची १६७ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. किलोंना मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं, झालं. वर, वीस वर्षं बत्तीसचीच पँट घालतो, हे मी चारचौघांत ऐकवायचो.

मागच्या वर्षी लग्नासाठी कुर्ता शिवायला टाकला. टेलरने टेप बेंबीवरून फिरवली. "सर, साडेछत्तीस." मी म्हटलं, बत्तीस असेल. तो हसला. "बत्तीस पँट आहे सर. ती पोटाखाली बांधता ना!" खरंच की. पँट दरवर्षी बोटभर खाली सरकली, पोट वरून ओघळलं, आणि मी आपला 'होतो तसाच' म्हणून खुशीत. पुढच्या महिन्यात उपाशीपोटी शुगर निघाली १४८.

बीएमआयचं हे गणित मांडणारा क्वेटले बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ, काळ १८३०च्या आसपासचा. त्याला हजारो माणसांची सरासरी हवी होती. तुझ्या-माझ्या पोटात काय साठलंय, हा त्याचा प्रश्नच नव्हता.

तू पुण्यात राहतोस, तर तिथलीच गोष्ट ऐक. केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. युडकिनांसोबत स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला, २००४ साली. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपले हातपाय काटकुळे, माल सगळा पोटात, आतड्या-यकृताभोवती. आणि तीच चरबी इन्सुलिनचं काही चालू देत नाही. म्हणून २००९ मध्ये आपल्या डॉक्टरांनी जादा वजनाची रेघ २५ वरून २३ वर आणली, आणि पुरुषाच्या कमरेला ९० सेंटिमीटरची हद्द घातली. म्हणजे तू रेघेला पाठ टेकून उभा आहेस.

बारीक माणसाला बीपी नसतो, असंही तू म्हणालास म्हणे. आमच्या सेवाग्रामचे बापू बघ. त्यांच्या तब्येतीच्या नोंदी आयसीएमआरच्या नियतकालिकाने २०१९ मध्ये छापल्या: वजन ४६.७ किलो, बीएमआय १७.१. आणि १९४० साली बीपी २२०/११०! रोज मैलोगणती चालणारा माणूस, बरं का.

सोबत टेप पाठवतोय. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर लाव. पोट आत ओढायचं नाही. मी पहिल्यांदा ओढलं होतं, मामी बघत होती. आकडा मला कळव, आणि तो काहीही असो, उपाशीपोटी रक्त देऊन ये.

गोड गोरसपाकही पाठवलाय. डबा ताईच्या नावाने आहे.

तुझा,
मामा